चौदा दिवसांची गोळी

(वाशीम येथे मंडळीच्या वार्षिक मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आदिवासी वस्त्यांवरच्या आरोग्यकामाबद्दल बोलावं, असं मला सांगण्यात आलं आहे. वर्षाचा अहवाल छापून तुमच्या हाती दिलेला आहे, त्यामुळे तो मी वाचून दाखवत नाही. आज एकाच लहानशा गोळीबद्दल बोलणार आहे. ही गोळी सरकारी उपकेंद्रात फुकट मिळते, आशाताई घरी आणून देतात, मेडिकलमध्येही मिळते. तरी ती लेकराच्या पोटात जात नाही. पत्र्याच्या डब्यात, देवळीत किंवा साडीच्या टोकाला बांधलेली सापडते. का जात नाही, तर मला वाटतं त्याचं अर्धं कारण शब्दांत आहे.

ही गोळी झिंकची. लहान मुलाला हगवण लागली की मिठा-साखरेच्या पाकिटाबरोबर ती द्यायची असते.

मागच्या पावसाळ्यात मानोरा तालुक्यातल्या एका पारधी बेड्यावर आम्ही गेलो होतो. एका घरी दीड वर्षाच्या पोराला तीन दिवसांपासून पातळ संडास होत होती. आशाताईंनी गोळ्या देऊन ठेवल्या होत्या, पण पाकीट फोडलेलंच नव्हतं. आजीला विचारलं तर तिने मलाच उलट विचारलं, "हे त उंदरं मारायचं औषध हाय नं? लेकराले काहून देता?"

आमच्यासोबतच्या मुलीला हसू आलं. मला मात्र आजीचं कौतुक वाटलं. तिचा मुलगा शेतात मजुरीला जातो. शेतमालक उंदरांसाठी जी काळी पूड पिठात कालवून ठेवतो, तिचं नाव झिंक फॉस्फाईड. ते पाकीट मुलाने पाहिलेलं, नाव ऐकलेलं, आणि घरी येऊन बजावलेलं की याला हात लावायचा नाही. आता दुसऱ्या एका पाकिटावर तेच झिंक आलं आणि ते नातवाला द्यायला सांगतात. अशा वेळी जी बाई पाकीट बाजूला ठेवते, तिला अडाणी म्हणायचं की सावध म्हणायचं?

झिंक हा शब्द आपल्या गावांत तीन वाटांनी येतो. एक वाट उंदराच्या औषधाची. दुसरी कृषी सेवा केंद्राची: तिथे झिंक सल्फेटची पिशवी मिळते, 21 टक्के किंवा 33 टक्के असं तिच्यावर लिहिलेलं असतं, आणि जमिनीत जस्त कमी पडलं की शेतकरी ती खताबरोबर टाकतो. तिसरी वाट म्हणजे आपला जुना मराठी शब्द जस्त. जस्ती पत्रा, जस्ताची बादली हे कोणाला सांगावं लागत नाही. म्हणजे विष, खत आणि छपराचा पत्रा. या तिघांच्या रांगेत चौथी येऊन बसली लेकराची गोळी. तिला वेगळं नाव कोणी दिलंच नाही.

इथे थोडं शास्त्र सांगतो. मी डॉक्टर नाही. धर्मशिक्षणाचा डिप्लोमा घेतलेला आणि वीस वर्षं वस्त्यांवर फिरणारा माणूस आहे. पण ही गोष्ट समजायला डॉक्टर व्हावं लागत नाही, स्वयंपाकघरातलं मीठ पाहिलं तरी पुरे. मिठात सोडियम नावाचा धातू आहे, जो नुसता पाण्यात टाकला तर पेट घेतो. त्यात क्लोरीन आहे, आणि क्लोरीन हा विषारी वायू आहे. दोघं एकत्र आले की होतं मीठ, जे आपण भाजीत रोज घालतो. धातू कोणाशी जोडला जातो त्यावर त्याचा गुण ठरतो. झिंकचं तसंच आहे. तो फॉस्फाईडशी जोडला गेला की पोटातल्या आम्लाने त्यातून फॉस्फीन नावाचा घातक वायू सुटतो. तिथे जीव घेणारा भाग फॉस्फाईडचा आहे. तोच झिंक सल्फेटशी जोडला गेला की औषधाच्या गोळीत वापरता येतो.

पण लगेच दुसरा प्रश्न येतो, आणि तो एका आंध शेतकऱ्याने मला विचारलाही होता. गोळीत झिंक सल्फेट आहे, माझ्या पिशवीतही झिंक सल्फेट आहे, मग चिमूटभर तेच दिलं तर? नाही, मुळीच नाही. खताचा माल औषधासाठी शुद्ध केलेला नसतो, त्यात शिशासारखे जड धातू राहू शकतात. शिवाय गोळीत 20 मिलिग्रॅम झिंक मोजून घातलेलं असतं. चिमटीत किती आलं हे कोण मोजणार? नाव सारखं असलं तरी वस्तू सारखी नसते. आपल्या मंडळीतही एका नावाचे चार जण आहेत आणि चौघांचे स्वभाव आपल्याला चांगले ठाऊक आहेत!

उंदराच्या औषधाबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण ती जिवाची आहे. ही पूड घरात धान्याजवळ, मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. कोणाच्या पोटात गेलीच तर तिच्यावर उतारा म्हणून खास औषध नाही. मिठाचं पाणी पाजून ओकारी काढणं, दूध किंवा तेल पाजणं हे काही करू नका. ताबडतोब दवाखाना गाठा आणि पाकीट सोबत न्या. तपासताना डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात की नेमकं काय खाल्लं.

आता झिंकची चांगली बाजू. ती तुमच्या घरात आधीपासूनच आहे, फक्त नावाने ओळखीची नाही. बाळाला लंगोटाच्या जागी लाल पुरळ उठतं तेव्हा लावतात त्या पांढऱ्या मलमात झिंक ऑक्साईड असतं. जखमेवर लावायच्या जुन्या चिकटपट्टीच्या चिकात तेच असतं. कांजिण्यांत अंगाला खाज सुटली की लावतात ते गुलाबी कॅलामाईन लोशनही मुख्यतः झिंक ऑक्साईडच आहे, आणि त्याचा गुलाबी रंग थोड्याशा लोखंडाच्या ऑक्साईडमुळे येतो. पूर्वी डोळे आले की जे थेंब घालत त्यांत झिंक सल्फेट असे. विल्सन नावाच्या एका दुर्मिळ आजारात शरीरात तांबं साठत जातं, तिथे झिंक अॅसिटेट देतात, कारण झिंक पोटातून तांबं शोषू देत नाही. आपल्याकडच्या वैद्यांचं जसद भस्म किंवा यशद भस्म म्हणजेही जस्तच. हा धातू आपल्याला परका नाही. राजस्थानात उदयपूरजवळ झावर इथे शेकडो वर्षांपूर्वी मातीच्या वांग्याच्या आकाराच्या मुशींत जस्ताची वाफ करून ती खालच्या बाजूला थंड करत आणि शुद्ध जस्त मिळवत. युरोपात हे कसब पुष्कळ नंतर आलं. तेव्हा कोणी म्हणालं की झिंक हे इंग्रजी डॉक्टरांचं खूळ आहे, तर त्याला झावरची गोष्ट सांगा. मात्र वाटेवरच्या वैदूकडून घेतलेली भस्माची पुडी लहान मुलाला देऊ नका, हेही त्याच दमात सांगा.

लेकराला हगवण लागली की झिंक कशासाठी? आपल्या शरीरात सगळं मिळून दोन-तीन ग्रॅमच झिंक असतं. तेवढ्यावर वाढ, जखम भरणं, रोगाशी झुंजणं, आतड्याचं आतलं अस्तर नवं होत राहणं, अशी किती तरी कामं चालतात. शरीर त्याचा मोठा साठा करून ठेवत नाही, ते रोजच्या अन्नातूनच यावं लागतं. हगवणीत पाण्याबरोबर झिंकही वाहून जातं. झिंक कमी झालं की आतडं लवकर सावरत नाही, मग पुन्हा हगवण, पुन्हा तूट. कुपोषित मूल या चक्रात सापडलं की एका पावसाळ्यात तीन-तीनदा आजारी पडतं. ही गोळी ते चक्र तोडते. चालू हगवण थोडी लवकर थांबते, जोर कमी होतो, आणि पुढचे दोन-तीन महिने पुन्हा लागण होण्याची शक्यता कमी होते. 2004 साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ या दोघांनी मिळून सांगितलं की हगवणीत प्रत्येक मुलाला मिठा-साखरेच्या पाण्याबरोबर झिंक द्यावं. आपल्या देशात ते चौदा दिवस द्यायचं ठरलं आहे.

मिठा-साखरेच्या पाण्याची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. 1971 मध्ये बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून द्यायचं सलाईन संपलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात मिसळून पिंपांतून वाटायला सुरुवात केली. आधी तिथे शंभरातले तीस रोगी मरत होते. ते प्रमाण चारच्या खाली आलं. पाजणारे बहुतेक नातेवाईकच होते, डॉक्टर नव्हते. 2022 मध्ये ते गेले, त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. मला या गोष्टीतलं सगळ्यात मोठं काय वाटतं? औषध आईच्या हातात गेलं.

आणि त्या पाण्याला आपल्या महाराष्ट्रात फार चांगलं नाव मिळालं: जलसंजीवनी. हे नाव ज्याने कोणी दिलं त्याचे उपकार मानावेत. रामायणातली संजीवनी शाळेत न गेलेल्या आजीलाही ठाऊक असते. जल म्हणजे पाणी, संजीवनी म्हणजे जीव परत आणणारी. नावातच काम सांगितलेलं आहे. तांड्यावर जा, बेड्यावर जा, जलसंजीवनी म्हटलं की पाकीट दाखवतात.

झिंकला असं नाव मिळालं नाही. आता आकडा ऐका. 2019 ते 2021 मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या हगवण झालेल्या मुलांपैकी 60.6 टक्क्यांना ओआरएस मिळालं होतं. झिंक मिळालं होतं 30.5 टक्क्यांना. दोन्ही औषधं एकत्र द्यायची आहेत, बहुतेक वेळा एकाच हाताने दिली जातात, तरी एक दुप्पट पोचतं आणि दुसरं निम्मं. पुरवठा, प्रशिक्षण अशी बाकीची कारणं आहेतच, ती मी नाकारत नाही. पण वस्तीवर बसून पाहिलं तर नाव नसणं हेही कारण दिसतं.

मग नाव काय ठेवायचं? आमच्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत यावर बराच खल झाला. कोणी म्हणालं, शुद्ध मराठीत जस्ताची गोळी म्हणावं. मी त्याच्या विरुद्ध आहे. जस्त म्हटलं की बादली आठवते, आणि बादली कोणी लेकराला चारत नाही. कोणी म्हणालं, शक्तीची गोळी म्हणू. हे नाव मला त्याहून धोक्याचं वाटतं. शक्तीची म्हटली की घरातल्या दुबळ्या माणसाला दिली जाते, कमावत्या पोराला दिली जाते, किंवा आज नको उद्या देऊ असं होतं. शक्तीच्या गोळ्या आणि शक्तीचे सिरप यांनी आधीच बाजार भरला आहे.

नाव शेवटी एका आंध आजीनेच दिलं. मालेगाव तालुक्यातल्या त्या वस्तीवर ती आपल्या सुनेला सांगत होती, "चौदा दिसाची गोळी दिली का लेकराले?" बस्स. यात झिंक नाही, जस्त नाही, अतिसार नाही. पण जी गोष्ट लोक विसरतात नेमकी तीच नावात आहे. तेव्हापासून आम्ही हेच नाव वापरतो, आणि तुम्हीही वापरावं ही माझी विनंती आहे. पाकिटावरचा झिंक हा शब्दही दाखवायचा, लपवायचा नाही. "हेच झिंक, पण उंदराचं नव्हे, त्याचं पुढचं नाव वेगळं आहे," असं उघड सांगायचं. लपवलेली गोष्ट पुढे कधी तरी उघडी पडते आणि मग आपल्यावरचा विश्वासच जातो.

चौदा दिवसांचं इतकं काय, असं तुम्ही विचाराल. अडचण इथेच आहे. हगवण बहुधा दोन-चार दिवसांत थांबते. लेकरू खेळू लागतं. आई म्हणते, "पोरगं त बरं झालं, आता कायले गोळी?" आपण शहरात राहणारे तरी काय वेगळं करतो? ताप उतरला की उरलेल्या गोळ्या फ्रिजवर. पण ही गोळी आजच्या हगवणीसाठी जितकी आहे तितकीच पुढच्या दोन महिन्यांसाठी आहे. तिसऱ्या दिवशी थांबवली तर पुढचं राखण होत नाही.

मला इथे नामानाची गोष्ट सांगावीशी वाटते. तुम्ही ती लहानपणी रविवारच्या शाळेत ऐकलेली आहे. अरामाचा सेनापती, मोठा माणूस, अंगाला कोड. अलीशा संदेष्टा बाहेरसुद्धा आला नाही, निरोप पाठवला की यार्देन नदीत सात वेळा बुडी मार. नामानाला राग आला. त्याला वाटलं होतं, संदेष्टा येईल, हात फिरवील, काही तरी मोठं करील. नदीत बुडी? आमच्या दिमिष्कात काय नद्या नाहीत? तो परत निघाला होता. चाकरांनी त्याला समजावलं की कठीण काम सांगितलं असतं तर तुम्ही केलंच असतं, हे तर साधं आहे.

आमच्या वस्त्यांवर मला रोज नामान भेटतात. हगवण लागली की लेकराला घेऊन तीस किलोमीटर जातात, उसने पैसे काढतात, सुई टोचून घेतात, सलाईनची बाटली लावून घेतात. बाटली लावली म्हणजे इलाज झाला. चमच्यात विरघळवायची फुकटातली गोळी हा काय इलाज? ज्या लेकराला सलाईनची खरोखर गरज आहे त्याला ते मिळालंच पाहिजे, त्याबद्दल मी पुढे बोलतो. पण बहुतेक लेकरांना जलसंजीवनी आणि ही गोळी पुरते. आणि नामान तिसऱ्या बुडीनंतर बाहेर आला असता तर? गोष्टीत सातच बुड्या आहेत, सहासुद्धा नाहीत. चाकरांचं नाव शास्त्रात दिलेलं नाही. आशाताई आणि आपले कार्यकर्ते म्हणजे ते चाकर, असं मी त्यांना नेहमी सांगतो.

आता बाकीच्या शब्दांकडे येतो. 2014 पासून दरवर्षी पावसाळ्याच्या सुमारास सरकार हगवणीविरुद्ध मोहीम चालवतं. पाच वर्षांखालची मुलं असलेल्या घरी आशाताई जाऊन ओआरएसची पाकिटं देतात. काम फार चांगलं आहे. पण भिंतीवर लिहिलेलं असतं "अतिसार", आणि आत "जलशुष्कता". दोन्ही शब्द बरोबर आहेत. मात्र अतिसार हा शब्द मी आमच्या वस्त्यांवर एकाही आईच्या तोंडून ऐकलेला नाही. ती म्हणते हगवण, ढाळ, पोट चालू झालं, संडास लागली. तुम्ही विचारलं, "बाळाला अतिसार आहे का?" ती म्हणणार, "नाही." खोटं बोलत नाही ती. "दिवसातून किती वेळा पातळ होते?" असं विचारा, ती बोटांवर मोजून सांगेल.

जलशुष्कतेचं तर आणखी मजेशीर आहे. आई म्हणते, "लेकराची टाळू बसली." तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पुढे मऊ जागा असते, ती खोल गेली की टाळू बसली किंवा पडली म्हणतात आणि तेल भरतात. शिकलेली माणसं याला अंधश्रद्धा म्हणून सोडून देतात. अहो, टाळू खोल जाणं हे तर अंगातलं पाणी आटल्याचं लक्षण आहे, डॉक्टरही तेच पाहतात! आईने रोग बरोबर ओळखला, उपाय तेवढा वेगळा केला. तिला "तुझं चुकलं" म्हणायची गरज काय? "टाळू बसली ना? मग आतलं पाणी गेलं, ते तोंडाने परत भरू" एवढं म्हटलं की पुरतं. ती वाटी घेऊन बसते. तेल लावायचं असेल तर लावू द्या, त्याने कोणाचं बिघडत नाही.

"दात येताहेत म्हणून पोट बिघडलं" या समजुतीला मात्र मी सूट देत नाही. दातांच्या नावाखाली आठ-आठ दिवस हगवण तशीच चालू देतात. दात येण्याच्या वयात मूल सापडेल ती वस्तू तोंडात घालतं, घाण त्या वाटेने पोटात जाते.

आपल्या वाशीमला हे शब्दांचं काम नवीन नाही. 1938 साली डॉ. ऑर्फा स्पायकर यांनी इथे रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल सुरू केलं, ते आपल्यापैकी कितीतरी कुटुंबांच्या आठवणीत आहे. त्या काळी परदेशातून येणाऱ्या मिशनऱ्याला आधी मराठी शिकावी लागे. रोग्याचं दुखणं रोग्याच्या भाषेत कळल्याशिवाय कात्री-सुई काय कामाची? पुढे 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केलं. त्यांनी गावोगावच्या स्त्रियांना आरोग्याचं शिक्षण दिलं, त्यांतल्या पुष्कळ निरक्षर होत्या. जगभरातून लोक ते पाहायला येत. तिकडे गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी आदिवासी बायांशी बोलून त्यांच्याच शब्दांत आजार समजून घेतले. या सगळ्यांनी आधी ऐकलं, मग सांगितलं.

आता गोळी द्यायची कशी, हे नीट ऐका. घरी नातवंडं आहेत, शेतावर येणाऱ्या बाया आहेत, त्यांना सांगायला उपयोगी पडेल. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाला रोज एक गोळी, 20 मिलिग्रॅमची. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी, आईच्या दुधात. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला घरी काही करत बसू नका, थेट दवाखाना. चमच्यात थोडं उकळून गार केलेलं पाणी किंवा दूध घ्यायचं, गोळी टाकायची, ती आपोआप विरघळते. चव थोडी धातूसारखी लागते, मूल तोंड वाकडं करतं. अर्ध्या तासात उलटून पडली तर एकदा पुन्हा द्यायची. चौदा दिवस झाले की थांबायचं. फायदा झाला म्हणून महिनोन्महिने चालू ठेवायची नाही, जास्त झिंक शरीरातलं तांबं कमी करतं.

जलसंजीवनीचं एक पाकीट एक लिटर पाण्यात, पूर्ण. अर्धं पाकीट ग्लासात असं नको. चोवीस तासांनी उरलेलं फेकायचं. अंगावरचं दूध चालू ठेवायचं आणि खायलाही द्यायचं. हगवणीत उपाशी ठेवण्याची पद्धत आता सोडली पाहिजे. मोठ्या माणसांची हगवण थांबवायची गोळी लहान मुलाला कधीही देऊ नका. आणि मूल पाणी पिईना, ग्लानीत गेलं, डोळे खोल गेले, पोटाची चामडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू खाली जाते, संडासात रक्त आहे, लघवी होत नाही, यातलं एक जरी दिसलं तरी वाट पाहू नका, लगेच न्या. वाटेत चमच्याने पाजत राहा.

चौदा दिवस मोजायचे कसे, हा घड्याळ-कॅलेंडर नसलेल्या घराचा प्रश्न आहे. आम्ही चुलीजवळच्या भिंतीवर कोळशाने चौदा रेघा ओढून देतो. रोज गोळी दिली की आईने एका रेघेवर आडवी रेघ मारायची. पावसात भिंत ओलावते, रेघा पुसतात. म्हणून काही बाया दोरीला चौदा गाठी मारतात आणि रोज एक सोडतात. ही युक्ती त्यांचीच, आणि मला ती रेघांहून बरी वाटते, कारण दोरी कामाला जाताना सोबत नेता येते.

गोळी संपल्यावर काय, हाही प्रश्न आहे. झिंकची कमतरता माणसात असते हे जगाला दाखवून देणारे डॉ. आनंद प्रसाद हे बिहारमध्ये जन्मलेले, पाटण्याला शिकलेले. 1958 मध्ये इराणमध्ये शिराझला त्यांनी एक तरुण पाहिला: वय 21, दिसायला दहा वर्षांच्या मुलासारखा. खाणं जवळजवळ नुसती रोटी, आणि सवय माती खाण्याची. मोठे डॉक्टर तेव्हा मानायला तयार नव्हते की झिंकच्या तुटीने माणसाची वाढ खुंटते. त्यांनी पुढे इजिप्तमध्ये अभ्यास करून ते सिद्ध केलं. नुसती रोटी आणि माती, हे ऐकून तुम्हाला आपल्या वस्त्या आठवल्या असतील. मलाही आठवल्या. धान्याच्या कोंड्यात असा एक घटक असतो जो झिंकला बांधून ठेवतो. म्हणून नुसत्या भाकरीवर पोट भरलं तरी झिंक पुरत नाही. डाळ, हरभरा, तीळ, शेंगदाणे, भोपळ्याच्या बिया, अंडं, मासे, मटण यांतून ते मिळतं. कडधान्याला मोड आणले की त्यातलं झिंक शरीराला जास्त लागतं. मोड आणायला पैसे लागत नाहीत, ओलं फडकं लागतं. पण खरं सांगायचं तर आमच्या वस्त्यांवर अनेक घरी भिजवायला मूठभर मटकीच नसते. जिल्हाभर सोयाबीनचे ढीग लागतात आणि तो काढणाऱ्या मजुराच्या ताटात डाळ पातळ असते. हे मी इथे सोडवू शकत नाही, पण सांगितल्याशिवाय पुढेही जाऊ शकत नाही.

शेवटी तुमच्याकडून काय हवं ते सांगतो. पैशाचं आवाहन खजिनदार करतील. मला तीन वेगळ्या गोष्टी हव्या आहेत. येत्या पावसाळ्याआधी आम्ही एक कार्ड काढत आहोत. त्यावर अक्षरं कमी आणि चौदा चौकटी, प्रत्येक चौकटीत चमच्याचं चित्र. चित्र काढणारे हात या मंडळीत आहेत, मला ठाऊक आहे. त्यांनी सभेनंतर भेटावं. दुसरं, मंडळीत परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या भगिनी आहेत. त्यांनी महिन्यातून एक दिवस आमच्यासोबत यावं, बोलायला नव्हे, बायांचे शब्द टिपायला. तिसरं, तांड्यावरच्या गोरबोलीत आणि पारध्यांच्या बोलीत हगवणीला, टाळूला, ग्लानीला काय म्हणतात याची यादी आम्ही करतो आहोत. मराठी वस्त्यांची यादी बरीच झाली, या दोन बोलींची अर्धवट आहे. ज्यांची सोयरीक तिकडे आहे, ज्यांच्या शाळेत त्या बोली बोलणारी मुलं आहेत, त्यांनी एक वही करावी. डाव्या बाजूला त्यांचा शब्द, उजवीकडे त्याचा अर्थ, आणि तो कोणत्या वस्तीवर ऐकला ते खाली. मृगाच्या आधी वह्या माझ्याकडे पोचल्या तर पहिल्या पावसात त्या कामी येतील.